तळावरच्या मुलांसाठी नाट्यकार्यशाळा : पहिल्या खेळाआधीची तयारी

ऊसतोड मजुरांच्या तळावर मुलांशी लैंगिक शोषणापासूनच्या सुरक्षिततेविषयी बोलणारी नाट्यकार्यशाळा घ्यायची असेल, तर नाटकाचा विषय निवडण्याआधी गळीत हंगामाचे वेळापत्रक पाहावे. सांगली जिल्ह्यात टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात, कोप्या, म्हणजे त्यांच्या राहण्याच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि उन्हाळा लागताना तळ हलतो. कार्यशाळा तळ स्थिरावल्यावर सुरू करावी. हंगामाच्या शेवटच्या महिन्यात ती नव्याने सुरू करू नये. एखाद्या मुलीने मोठ्या धीराने काही सांगितले आणि पुढच्याच आठवड्यात तिचे कुटुंब सामान भरून गावी निघाले, तर तिच्या पाठीशी उभे राहायला कोणी उरत नाही. याच जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या दुष्काळी भागातून जी मुले आईवडिलांबरोबर तोडीला जातात, त्यांच्यासाठी हेच काम गावातल्या शाळेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे कुटुंबे बाहेर पडण्याआधी, करणे अधिक योग्य.

दिवसातली वेळ मुलींना विचारून ठरवावी. आईवडील पहाटेच फडात जातात आणि कोपीवर राहिलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे पाणी, भाकरी आणि धाकटी भावंडे सोपवलेली असतात. भावंडांना सांभाळण्यासाठी शेजारच्याच जागेत एक बाई नेमावी आणि तिचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावे. ही सोय नसली की कार्यशाळेला मुलगेच येतात, आणि जिच्यासाठी हा खटाटोप केला ती मुलगी कडेवर मूल घेऊन दारातून खेळ पाहत राहते.

संमतीचा प्रश्न वरवर दिसतो त्याहून अवघड आहे. मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराला, टाळून तळावर काहीच उभे राहत नाही हे खरे, पण त्याचा होकार म्हणजे पालकांची संमती नव्हे. त्याच्याकडून उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, घेतलेल्या कुटुंबाला त्याचा शब्द मोडणे परवडत नाही. शिवाय मूल उद्या ज्याच्याबद्दल बोलेल तो माणूस याच साखळीतला असू शकतो. म्हणून मुकादमाला खेळ, गोष्टी आणि नाट्य एवढे खरे पण मोजके सांगावे. पालकांना मात्र कोपीवर जाऊन, संमतीपत्र मोठ्याने वाचून, मुलांच्या सुरक्षिततेविषयीही बोलणे होणार आहे हे स्पष्ट करावे. बंजारा कुटुंबांत गोरमाटी आणि जतकडच्या काही कुटुंबांत कन्नड बोलली जाते, तेव्हा त्या भाषेचा जाणकार सोबत असावा. मुलांची स्वतःची संमती वेगळी घ्यावी, आणि खेळ मध्येच सोडून बसण्याची मुभा पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावी.

पंधरा ते वीस मुलांमागे किमान दोन प्रशिक्षक असावेत, त्यांत एक स्त्री असावी आणि प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झालेली असावी. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाला बंद खोलीत एकट्याने भेटू नये, हा नियम ओळखीच्या, नावाजलेल्या रंगकर्मीलाही तितकाच लागू ठेवावा. सवलत मागणाऱ्याला नम्रपणे बाजूला करावे.

सर्वांत जास्त वेळ एका शक्यतेच्या तयारीला द्यावा : खेळता खेळता मूल खरे बोलले तर काय करायचे? बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू होतो. त्यातील कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दायित्व येत नाही, हेही प्रशिक्षकांना सांगून ठेवावे, कारण भीतीपोटी गप्प बसणारे चांगले लोक पुष्कळ असतात. याचा थेट अर्थ असा की ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन मुलाला कधीही देऊ नये. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एक-दोन माणसांना सांगावे लागेल’ हे वाक्य प्रशिक्षकांनी आपसांत चार वेळा म्हणून पाहावे. मूल बोलत असताना उलटतपासणी करू नये, तेच पुन्हा सांगायला लावू नये, आणि त्याचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवावेत. जबाब घेण्यासाठी शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने साध्या वेशात मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी यावे अशी तरतूद कायद्यातच आहे, तिचा आग्रह धरावा. बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्या कार्यालयांत कार्यशाळेआधी प्रत्यक्ष जाऊन ओळख करून घ्यावी, आणि १०९८ हा चोवीस तास चालणारा क्रमांक मुलांना पाठ करून द्यावा. ठरत आलेल्या बालविवाहासाठी गावात ग्रामसेवकाकडे (या पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी असते. मजूर ठरवताना नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’, म्हणजे तोडीचे एक एकक, धरला जातो, त्यामुळे हंगामाआधी लग्न उरकण्याची घाई का होते हे प्रशिक्षकांना ठाऊक असलेच पाहिजे.

जागा, सतरंज्या, पाणी, वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह, केळी किंवा शेंगदाण्याचे लाडू ही व्यवस्था नेहमीप्रमाणेच. फक्त खोली मुकादमाच्या बैठकीपासून दूर असावी आणि बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही अशी असावी.

खेळ निवडताना नेहमीच्या शिबिरातील यादी तशीच उचलू नये. आंधळी कोशिंबीर, डोळे बांधून चालणे, मागे पडणाऱ्याला झेलणे हे खेळ सर्वत्र चालतात, पण ज्या मुलाच्या अंगाला कोणी नको तसा हात लावला आहे त्याला ते असह्य होऊ शकतात. स्टॅच्यू, टाळ्यांची लय, आवाज चढवत-उतरवत एकच शब्द म्हणणे, नजर न झुकवता ‘नाही’ म्हणणे, येथून आरंभ करावा. त्यानंतर प्रसंग रचावेत आणि ते काल्पनिक पात्राचेच असावेत : पात्राचे नाव गटातील कोणाचे नसावे, गाव नकाशावरचे नसावे. ‘तुझ्या आयुष्यातला प्रसंग करून दाखव’ असे सांगणे नाट्यशिक्षणाच्या नावाखाली केलेली इजा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी रुजवलेली फोरम थिएटरची पद्धत येथे उपयोगी पडते. प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा, दुसऱ्यांदा दाखवताना पाहणाऱ्या मुलांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून अडचणीतल्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळे काही करून पाहायचे. शोषण करणाऱ्याची भूमिका मोठ्या प्रशिक्षकाने करावी. मुलांना खलनायक व्हायला आवडते हे मान्य. तरी ती गंमत दुसऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवावी. तो माणूस अनोळखी, मिशाळ, भयंकर दाखवू नये, कारण प्रत्यक्षात तो बहुधा ओळखीचा, खाऊ देणारा, गाडीवरून सोडणारा असतो. तसेच मुलीने ठणकावले आणि माणूस पळाला, असा शेवट करू नये. त्यातून खोटा भरवसा तर निर्माण होतोच, पण जिला ठणकावता आले नाही तिला दोष आपलाच होता असे वाटू लागते. प्रसंग पुढे न्यावा : ती आईला सांगते, आई विश्वास ठेवत नाही, मग ती कोणाकडे जाते? बाईंकडे, अंगणवाडी ताईंकडे, फोनकडे? विश्वासातली पाच माणसे पाच बोटांवर मोजायला लावावीत, आणि एखाद्याचे दुसऱ्या बोटावरच अडले तर ते मूल प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावे. सत्र संपताना भूमिकेची ओढणी किंवा टोपी खुंटीला अडकवून प्रत्येकाने स्वतःचे नाव मोठ्याने सांगावे, म्हणजे पात्र तेथेच उतरते.

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी जेथे मराठी नाटकाचा पाया घातला त्या सांगलीत नाटक म्हटले की प्रयोग, परीक्षक आणि ढाल हे ओघाने येतेच, आणि देणगीदारही समारोपाला काय दाखवणार असे विचारतात. अशा वेळी काहीही दाखवणार नाही, असे आधीच लेखी कळवावे. छायाचित्रे काढू नयेत, चित्रफीत तर नाहीच. पीडित मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे आणि कोणते मूल त्यात मोडते हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. नोंदवहीत पूर्ण नावाऐवजी खुणेचे अक्षर लिहावे आणि वही कुलपात ठेवावी.

तळ हलण्याची तारीख मुकादमाकडून निदान पंधरा दिवस आधी काढून घ्यावी. बाल कल्याण समितीपुढे एखादे प्रकरण चालू असेल तर कुटुंब कधी आणि कोठे जाणार हे समितीला लगेच कळवावे, म्हणजे पाठपुरावा गावाकडच्या जिल्ह्याकडे सोपवता येतो. इतर मुलांच्या बाबतीत पालकांच्या परवानगीने गावातील शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांचे दूरध्वनी क्रमांक घ्यावेत, आणि उन्हाळ्यातली लग्नसराई सुरू होण्याआधी कोणत्या प्रशिक्षकाने कोणत्या गावी फोन करायचा हे नावानिशी लिहून ठेवावे.