डुकरांचा ताप आणि पीसीआर: या चुका टाळा

दोन-तीन डुकरं एकदम खाणं सोडतात, अंग तापतं, कानाच्या टोकांवर आणि पोटाखाली लालसर-निळे डाग उमटतात. अशा वेळी हमखास ऐकू येतं, ‘लस दिलीय, स्वाइन फीवर नसणार.’ मग अँटिबायोटिकवर चार दिवस जातात. पण स्वाइन फीवर, म्हणजे डुकरांचा ताप, दोन प्रकारचा. दिलेली लस क्लासिकल स्वाइन फीवरची. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. त्याचा विषाणू पूर्ण वेगळा, आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. वरून दोन्ही सारखेच दिसतात, शवविच्छेदनातही फसगत होते.

म्हणून पीसीआर, म्हणजे नमुन्यात विषाणूचा जनुकीय अंश (आरएनए किंवा डीएनए) शोधणारी तपासणी, दोन्हींची मागा. क्लासिकलचा विषाणू आरएनएचा, त्याला आरटी-पीसीआर लागते. आफ्रिकनचा डीएनएचा, त्याची पीसीआर वेगळी. एकीचा निगेटिव्ह रिपोर्ट दुसरीला लागू होत नाही.

खरा घोळ नमुन्यात होतो. रक्त जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत घ्या. हिरव्या झाकणाच्या नळीतलं, रक्त गोठू न देणारं हेपारिन पीसीआरच अडवतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ताप चढलेल्या जनावराचं रक्त घ्या. कुजलेल्या मढ्यातला नमुना तितका भरवशाचा नसतो. प्लीहा, टॉन्सिल, लसिका ग्रंथींचे पीसीआरसाठीचे तुकडे फॉर्मालिनमध्ये बुडवू नका. मढं फाडायचं काम पशुवैद्यकाचंच. आफ्रिकनमध्ये रक्तात विषाणू भरपूर असतो, ते सांडलं की शेडभर पसरलं. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुने द्यायचे तर बर्फाच्या थर्मासमधून. हडपसरहून औंध काही लांब नाही, पण मे महिन्यात ते स्कूटरच्या डिकीतून नेणारेही आहेत! उष्म्यानं आरएनए खराब होतो. सोबतच्या अर्जात लसीची तारीख लिहा, कारण क्लासिकलची लस जिवंत विषाणूची असते आणि नुकती दिलेली असेल तर पीसीआरमध्ये दिसू शकते.

रिपोर्ट येईपर्यंत उरलेली डुकरं घाईनं विकणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. आजार टेम्पोत बसून पुढच्या गावी जातो. संशय आला की सरकारी पशुवैद्यकाला कळवा. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे ते बंधनकारकच आहे.

राहिलं हॉटेलचं खरकटं. स्वस्त पडतं म्हणून पुण्याच्या आसपास ते सर्रास घातलं जातं. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतील तर विषाणू थेट गव्हाणीत येतो. खरकटं बंद करणं उत्तम. जमत नसेल तर ९० अंशांवर तासभर, सतत ढवळत शिजवा. नुसती एक उकळी पुरत नाही. आणि कच्च्या खरकट्याची बादली शिजवलेल्यासाठी वापरू नका.