तिकडे आपत्ती, इकडे आपण: परदेशातून खबर घेताना

मायदेशात भूकंप, पूर, स्फोट असं काही झालं की परदेशातला माणूस आधी घरी फोन लावतो. मी आता आधी एसएमएस टाकते. सगळे एकदम फोन लावत असल्यामुळे नेटवर्क तुंबतं आणि कॉल लागत नाही. साधा एसएमएस मात्र उशिरा का होईना, बऱ्याचदा पोहोचतो. प्रश्न एकच विचारायचा, एका शब्दात उत्तर देता येईल असा: 'सगळे ठीक आहात?' बाकी चौकशा नंतर.

व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसली की पोटात गोळा येतो. पण एक टिक म्हणजे मेसेज समोरच्या फोनपर्यंत गेलेला नाही, एवढंच. चार्जिंग संपलं असेल, टॉवर बंद पडला असेल. आणि फोन चालू असेल, तर दर दहा मिनिटांनी रिंग देऊन तिकडची उरलीसुरली बॅटरी आपणच संपवतो.

त्यापेक्षा घरातला एकजण नेमावा. आमच्याकडे मामेभाऊ तिकडून फक्त मला कळवतो आणि मी पुढच्या गोतावळ्याला. एका कागदावर रकाने आखते: नाव, कुठे आहे, शेवटची खबर कधीची आणि ती कुणाकडून. 'स्वतः बोलली' आणि 'कुणीतरी पाहिलं म्हणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून चौथा रकाना कधीही रिकामा सोडत नाही. वेळ लिहिताना तिकडची की इकडची, तेही लिहावं, नाहीतर मध्यरात्री डोक्याचा भुगा होतो.

खूप वेळ काहीच कळलं नाही तर आपण राहतो त्या देशातल्या रेडक्रॉस किंवा रेड क्रेसेंटकडे जावं. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणं हे त्यांचं जुनं काम आहे. फेसबुकवर 2014 पासून 'सेफ्टी चेक' आहे, म्हणजे आपत्तीच्या भागातल्या माणसाला 'मी सुखरूप आहे' असं कळवायची सोय, तेही बघावं. पण तिथे नाव दिसलं नाही म्हणून घाबरू नये.

आता बातम्या. सुरुवातीच्या आकड्यांवर विसंबू नका. 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तान-सिरियात भूकंप झाला, तेव्हा पहिल्या काही तासांत मृतांचा आकडा शेकड्यांत होता. शेवटी तो पन्नास हजारांच्या वर गेला. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढला हे कळल्याशिवाय पुढे ढकलू नका. फॅमिली ग्रुपवर मी हा नियम अगदी खडूसपणे पाळायला लावते. काका रुसले तरी चालेल.

आणि टीव्हीसमोर ठाण मांडून बसू नका. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. पुढच्या आठवडाभरात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त दिसली. मी सकाळ-संध्याकाळ पाहते आणि बंद करते. रात्री फोन सायलेंटवर ठेवते, फक्त दोन नंबर वाजू देते.

ऑफिसात साहेबांना एका वाक्यात सांगून टाकावं. त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचलेलीच नसते, आणि आपलं लक्ष का नाही हे त्यांनी ओळखावं ही अपेक्षाही फोल असते.

मदत पैशांतच पाठवा. जुन्या कपड्यांची गाठोडी तिथल्या गोदामांत नुसती जागा अडवतात. फॉरवर्डमधून आलेल्या लिंकवर पैसे भरू नका, संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करा.

आपल्याकडे वीज आहे, नेट आहे, पाठ टेकायला पलंग आहे. तिकडे त्यातलं काहीच नसेल. म्हणून 'काळजी घ्या' म्हणण्यापेक्षा 'तुझ्यासाठी काय शोधू?' असं विचारा. कुठलं हॉस्पिटल रुग्ण घेतंय, कुठला रस्ता चालू आहे, हे आपण इथून पटकन शोधू शकतो. कॅमेरे निघून गेल्यावर विम्याचे, कागदपत्रांच्या नकलांचे अर्ज सुरू होतात. जे ऑनलाइन भरता येतात, ते मी माझ्याकडे मागवून घेते.