मुलांची लहान झालेली सायकल मोठ्या माणसाला चालवण्याजोगी कशी करायची

पोरगं उंच झालं की २० इंची सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात गंजत पडते, नाहीतर भंगारवाला किलोवर घेऊन जातो. तसं करू नका. स्टीलची फ्रेम सरळ असेल आणि चाकांत आऊट (फिरताना डावी-उजवीकडे लचकणं) नसेल तर तीच सायकल दूध-भाजी आणायला, स्टेशनपर्यंत जायला मोठ्या माणसाला मस्त चालते. चाक लहान म्हणून काही अडत नाही, ब्रॉम्प्टनच्या बहुतेक फोल्डिंग सायकलींची चाकं १६ इंची असतात आणि त्या मोठ्या माणसांसाठीच बनवतात. पोरांच्या १४-१६ इंचीच्या नादी मात्र लागू नका, २० किंवा २४ इंचीच घ्या. आणि वजन ७५ किलोच्या वर असेल तर माझ्या मते हा उद्योग नकोच.

साइड व्हील, बास्केट वगैरे काढून टाका, चेनला तेल द्या, टायरच्या कडेला जितकं प्रेशर छापलंय तितकी हवा भरा.

आता खरं काम, सीटची दांडी. मला सगळ्यात जास्त छळलंय ते हिनंच, आणि सगळ्यात भंगार सल्लेही हिच्याबद्दलच मिळतात. "आहे तीच दांडी वर ओढा" हा त्यातला पहिला. दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसायला लागली की दांडी आत पुरेशी नाही असं समजायचं. मोठ्या माणसाचं सगळं वजन आत उरलेल्या दोन-तीन सेंटीमीटरवर येतं आणि सीटखालची नळी वरच्या तोंडाशी फाटते. आमच्या पार्किंगमध्ये एक अशी फ्रेम बघितलीय, नळीच्या मागच्या बाजूला रंगावर केसाएवढी रेघ होती आणि तिच्यातून गंजाचं पाणी ओघळलेलं होतं, वरवर बघणाऱ्याला कळलंही नसतं.

तर आधी माप काढा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, जांघेपासून जमिनीपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा, त्याला ०.८८३ नं गुणा. क्रँकच्या (पायडल ज्या दांड्यांना लावलेले असतात त्यांच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढं अंतर हवं. समजा पाय ७४ सेंमी भरला, तर ६५ आले. तिथून फ्रेमची सीटखालची नळी ३० सेंमीची असेल तर उरले ३५, त्यातले ५ सीट स्वतःच खाते, म्हणजे ३० सेंमी दांडी बाहेर. आत किमान ८ तरी पाहिजे, आणि आडव्या नळीच्या जोडाच्या खालपर्यंत दांडी गेलीच पाहिजे. म्हणजे ४०० मिमीची दांडी लागली. हिशोब ४०० च्या पुढे जात असेल तर ती फ्रेम तुमच्यासाठी नाही, २४ इंची शोधा.

लांबीपेक्षा जाडी जास्त डोकं खाते. २५.४ मिमी बऱ्याच ठिकाणी असते पण गृहीत धरू नका, जुन्या दांडीवर खालच्या बाजूला आकडा ठोकलेला असतो तो वाचा किंवा व्हर्नियरनं मोजा. अर्धा मिलिमीटर बारीक दांडीसुद्धा चालत नाही. एका सायकलवाल्यानं मला "काही होत नाही" म्हणत पत्र्याची पट्टी गुंडाळून बारीक दांडी बसवून दिली होती, चढावर जोर लावला की सीट हळूहळू खाली जायची आणि शिवाय गोल फिरायची. कोल्ड्रिंकचा कॅन कापून घालण्याचा सल्ला त्याच जातीचा. अगदीच दांडी मिळाली नाही तर मापाची तयार शिम (दांडी आणि नळीमधली फट भरणारी पातळ नळी) घ्या. आणि नळी वेल्डिंगनं वाढवून घेऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी!

जुनी दांडी गंजून अडकली असेल तर रात्रभर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, सकाळी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळा, ओढू नका. नवी बसवताना ग्रीस लावा.

दांडी तिरकी असल्यामुळे ३० सेंमी वर गेली की सीट साधारण ९ सेंमी मागेही जाते. हँडल लांब गेल्यासारखं वाटतं आणि चढावर पुढचं चाक हलकं होतं, म्हणून सीट तिच्याखालच्या रुळांवर जमेल तेवढी पुढे सरकवा.

हँडल वर घ्यायला वरचा बोल्ट थोडा सैल करून त्यावर लाकूड ठेवून हातोडी मारा, सुटतं. तिथेही रेघ असते, तीच अट. ब्रेकच्या वायरी तोकड्या पडल्या तर लांब घाला, आणि ब्रेकची रबरं नवी टाकाच, कारण वजन आता दुप्पट आहे.

लांब क्रँक घालायच्या भानगडीत पडू नका, वळणावर पायडल रस्त्याला घासतं. पाय फार भरभर फिरतोय वाटलं तर मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून १६ चं लावा, पुढे ३६ दाते असतील तर २० इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात ३.२ ऐवजी ३.६ मीटर जाल.

पहिले काही दिवस घराजवळच चालवा, दांडीवर फ्रेमच्या तोंडाशी पेनानं खूण करून ठेवा. खूण खाली सरकली तर क्लॅम्प अजून आवळत बसू नका, जाडी चुकलीय, दांडी बदला.