कारखान्यात इजा झाली, भरपाई रखडली? या चुका टाळा

मागावरचा धोटा उडून डोळ्याला लागतो, गिअरमध्ये बोट सापडतं, सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावताना, वाफेनं हात भाजतो. सोलापुरात अक्कलकोट रोडपासून चिंचोळीपर्यंत हे घडतं आणि मग घरात बसलेल्या कामगाराला महिनोन्महिने एकच उत्तर मिळतं, "मालक बघतायत." मालकाची टाळाटाळ असतेच. पण पहिल्या आठवड्यात कागद तयार झाला नसेल, तर त्या टाळाटाळीला कुणी हात लावू शकत नाही.

दवाखान्यात "घरी पडलो" सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. सोबत आलेला मुकादम हळूच सांगतो, पोलिसांची भानगड नको, घरी लागलं म्हणून सांग, खर्च आम्ही करतो. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे तोच केसपेपर मालकाचा वकील पुढे करतो. सिव्हिलमध्ये असा की खासगी दवाखान्यात, डॉक्टरांना कारखाना, मशीन, वेळ आणि इजा कशी झाली ते खरं सांगा आणि तसंच लिहिलंय का ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरच्या शिकलेल्या पोराला वाचायला लावा. त्याच दिवशी मालकाला अपघाताची लेखी सूचना द्या. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाका आणि रजिस्टर पोस्टानंही पाठवा. शेजारच्या मागावर कोण होतं, त्यांची नावं लिहून ठेवा. वर्षभरानं त्यातलं कोण कुठे कामाला असेल सांगता येत नाही.

चुकीचं दार ठोठावणं

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. तसं असेल तर मालकावर भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. पैसे ईएसआयकडूनच येतात. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात आणि कामावरच्या इजेसाठी आधी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. मालकानं वर्गणी कापून भरली नसेल तरी हक्क जात नाही, ईएसआय महामंडळ ती मालकाकडून वसूल करतं. इथे पैसे अडकतात ते बहुधा दोन कारणांनी: मालकानं अपघाताचा अहवाल पाठवलेला नसतो, किंवा डॉक्टरांच्या सर्टिफिकेटांत मधले दिवस सुटलेले असतात. शाखा कार्यालयात जाऊन नेमकं काय अडलंय ते विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आपल्याकडे बरेच कारखाने चार-सहा माणसांचे. तिथे ईएसआय नसतं, म्हणून मालकावर थेट दावा करायचा आणि तो कामगार न्यायालयात चालतो. ठेकेदाराकडे काम करत असाल तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. 1923 चा भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, कोणता कायदा लागू होईल ते अपघाताच्या तारखेवर ठरतं, त्यामुळे अर्जात ती अचूक हवी.

उचलीला भरपाई समजणं

मालक पाच-दहा हजार हातावर ठेवतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि प्रकरण मिटलं म्हणतो. पैसे नाकारा असं मी म्हणणार नाही, घर चालवायचं असतं. पण पावतीवर "औषधासाठी" किंवा "अपघातानंतरची मदत" असं लिहून घ्या, आणि कोऱ्या कागदावर सही काही झालं तरी नको. हक्क सोडून देण्याचा करार कायद्यानं रद्दच ठरतो.

खरी रक्कम किती होते ते बघा. 1923 च्या कायद्याच्या हिशेबानं 35 वर्षांच्या, महिना 15,000 मिळवणाऱ्या कामगाराची तर्जनी पूर्ण गेली, तर पगाराच्या 60 टक्के म्हणजे 9,000 गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा गुणक 197.06, आणि त्याचे 14 टक्के (तर्जनीसाठी कायद्यानं धरलेली कमाईची हानी): सुमारे 2 लाख 48 हजार रुपये. पीसवर, म्हणजे नगाप्रमाणे, काम असेल तर आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, डायरी, बँकेतल्या नोंदी जपा. नाहीतर मालक सांगेल तोच पगार धरला जाण्याची भीती असते.

व्याज न मागणं

भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हे 1975 मध्येच स्पष्ट केलं. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात नुसतं व्याजच वर्षाला जवळपास 30 हजार होतं. कितीतरी अर्जांत या दोन्ही मागण्या लिहिलेल्याच नसतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. मूळ रकमेबरोबर दोन्ही मागा.

रक्कम मंजूर होऊनही खात्यात येत नसेल तर आधी नाव तपासा. सोलापुरातल्या तेलुगू घरांतली आडनावं आधारवर एक, पासबुकात दुसरी आणि ईएसआयच्या नोंदीत तिसरी अशी लिहिलेली असतात. दुरुस्ती लगेच करून घ्या.

दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना केसपेपर, मालकाला पाठवलेल्या सूचनेची पोच, पगाराचा पुरावा आणि आधार सोबत न्या.