इटालियन क्रियापद चालवताना: 'पार्लारे'

'पार्लारे' म्हणजे बोलणे. शाळेत संस्कृतचे धातू चालवले असतील तर पद्धत ओळखीची वाटेल. शेवटचं 'आरे' काढा, 'पार्ल' हे अंग उरतं, त्याला प्रत्यय लावा: मी पार्लो, तू पार्ली, तो किंवा ती पार्ला, आम्ही पार्ल्यामो, तुम्ही पार्लाते, ते पार्लानो. 'बोलतो', 'बोलते', 'बोलतोय' या सगळ्यांना एकच 'पार्लो' पुरतं. कर्ता मराठीसारखाच गाळायचा. दर वाक्याला 'इओ' (मी) लावलं तर उगाच 'मी, मी' केल्यासारखं होतं.

रूपं पाठ होतात, फसतो तो आघात. एकवचनाची तिन्ही रूपं आणि 'ते'चं रूप यांत जोर अंगावर असतो. म्हणून 'पार्लानो' म्हणताना जोर 'पार्'वर, 'ला'वर नाही. 'आबितारे' (राहणे) चालवून बघा: 'आबितो', 'आबितानो', दोन्हींत जोर पहिल्या 'आ'वर. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत मात्र तो प्रत्ययावर सरकतो.

दुसरी चूक खास आपली. अनोळखी माणसाला आपण 'तुम्ही' म्हणतो, म्हणून तोंडात 'पार्लाते' येतं. प्रमाण इटालियनमध्ये ते अनेकांशी बोलतानाचं रूप. एकाला आदराने विचारताना सर्वनाम 'लेइ' आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी: 'पार्ला इतालियानो?'

लिहिताना 'चेर्कारे' (शोधणे) आणि 'पागारे' (पैसे देणे) यांच्या 'तू'च्या रूपात 'आय'च्या आधी 'एच' घाला. तो विसरलात तर 'चेर्की'चं 'चेर्ची' वाचलं जातं. 'मांजारे'त (खाणे) उलटं: 'आय' अंगातच आहे, दुसरा लिहू नका.

भूतकाळासाठी 'आवेरे'चं (जवळ असणे) वर्तमान रूप आणि पुढे 'पार्लातो': ओ पार्लातो, आइ पार्लातो, आ पार्लातो, आब्ब्यामो पार्लातो, आवेते पार्लातो, आन्नो पार्लातो. बोलणारी बाई असली तरी 'पार्लातो'च. 'मी गेले' म्हणताना मात्र साहाय्यक क्रियापद 'एस्सेरे' (असणे), आणि तिथे लिंग पाळावंच लागतं: 'सोनो आन्दाता'. भविष्यकाळात 'आ'चा 'ए' होतो, 'पार्लेरो', जोर शेवटच्या 'रो'वर.

याच 'आरे' गणातलं 'आस्पेत्तारे' (वाट पाहणे) वापरताना जपा. मराठीत आपण गाडी'ची' वाट पाहतो, म्हणून मध्ये 'पेर' (साठी) घालायचा मोह होतो. इटालियनमध्ये गाडी हे सरळ कर्म: 'आस्पेत्तो इल त्रेनो'. 'आस्कोल्तारे'चंही (ऐकणे) तसंच: 'आस्कोल्तो ला रादिओ', मध्ये काही नाही.