कॅम्पग्राउंड होस्ट आहात? मित्रांना मधल्या वारी बोलवा
अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात उन्हाळाभर स्वयंसेवक कॅम्पग्राउंड होस्ट, म्हणजे तंबूतळावर राहून तिथल्या पाहुण्यांना मदत करणारे, असाल, तर मित्रांना शनिवार-रविवारी बोलावू नका. तेव्हा सगळ्या जागा भरलेल्या, तुम्हाला हलता येत नाही. मंगळवार-बुधवार बरा. कामाच्या तासांची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. 250 तास भरले की व्हॉलंटिअर पास, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांत फुकट प्रवेश देणारा पास मिळतो, तो वर्षभर चालतो. प्रवेशशुल्क गाडीमागे असेल तिथे तुमच्या गाडीतले सगळेच त्यावर आत जातात. तेव्हा दाटीवाटीनं का होईना, एकाच गाडीत बसा! आणि मोंटाना राज्यातलं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान बघायचं असेल तर मे महिन्याची तिकिटं काढायला निघालेल्या मित्राला आवरा. तिथला गोइंग-टू-द-सन रस्ता बर्फामुळे बहुधा जूनअखेर किंवा जुलैतच पूर्ण खुला होतो.