सीझनमधली साथ: तबल्याची पिशवी घेऊन पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आमचं वर्ष दिवाळी पहाटेला सुरू होतं. पहाटे साडेपाचला स्टेजवर बसायचं, नाट्यगीतं, अभंग, मधेच एखादं भावगीत, आणि नऊला घरी येऊन फराळ. तिथून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा जो काळ, त्याला आम्ही सगळे सीझन म्हणतो. त्यात जे हाती येतं त्याला शिकवण्यांची जोड देऊन पावसाळा काढायचा असतो. मी पुण्यात राहतो, ख्यालगायनाला तबल्याची साथ करतो. विशारद, अलंकार या परीक्षा झालेली मुलं विचारतात की बाहेरगावचे कार्यक्रम कसे मिळतात. मिळतात ते बरेचदा योगायोगाने. कुणाला ताप येतो, कुणी एकच तारीख दोघांना देऊन बसलेला असतो, आणि संध्याकाळी तुमचा फोन वाजतो. दुसऱ्या वर्षीही तो का वाजतो, यावर मात्र बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

माझ्या मते त्यात वादनाचा वाटा निम्माच. उरलेलं सगळं तारखेवर.

डिसेंबर-जानेवारीत सगळं एकावर एक येतं. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, ग्वाल्हेरला तानसेन समारोह, महिनाअखेरीस जालंधरला हरिवल्लभ, १ जानेवारीपासून अहमदाबादला सप्तकचे १३ दिवस, आणि जानेवारी संपत आला की कोलकात्यात डोव्हर लेन. समजा तुम्ही सांगलीतल्या एका घरगुती बैठकीची तारीख दिलीय आणि त्याच दिवशी यांतल्या एखाद्या मंचावरून बोलावणं आलं. पोटात कालवाकालव होणारच. तरी सांगलीला जायचं. आपलं वर्तुळ एवढंसं आहे, कोण कुणाला सोडून कुठे गेला हे रात्रीपर्यंत सगळ्यांना कळतं. ज्या बुवांना तुम्ही टांग दिली ते रागावणार नाहीत, चार शब्द सुनावणारही नाहीत. त्यांचा पुढचा फोन दुसऱ्याला जाईल, इतकंच. आणि ज्यांच्यासाठी टांग दिली तेही मनात नोंद करतात की हा पोरगा शब्द मोडतो. बदली माणूस द्यायचीच वेळ आली तर आधी बुवांना किंवा ताईंना विचारा, त्यांनी होकार दिला की मगच आयोजकांना कळवा. हा क्रम उलटा झालेला कुणाला आवडत नाही.

उत्तरेकडच्या दोन तारखांच्या मधे एक दिवस मोकळा सोडा. पुण्याहून जालंधरला झेलम एक्स्प्रेस थेट जाते, वाटेत ग्वाल्हेरही लागतं, पण गाडीत दोन रात्री जातात आणि दिल्लीच्या पुढे धुकं लागलं की वेळापत्रक विसरायचं. विमानाचीही तीच कथा, धुक्यात दिल्लीहून सकाळची उड्डाणं सर्रास लांबतात. ज्या दिवशी कार्यक्रम त्याच दिवशी पोहोचण्याचा हिशेब पुणे-नाशिकला ठीक आहे.

आता वाद्य. विमानात केबिनमध्ये ७ किलोची मर्यादा असते. दोन तबले आणि तांब्याचा डग्गा ती ओलांडतातच, त्यामुळे कडक पेटी घ्या आणि सामानात द्या. तबला जुळवायची हातोडी तर सामानातच गेली पाहिजे, हातातल्या पिशवीत सापडली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. मग परगावी हातोडी शोधत हिंडायचं. दोन तबले कशासाठी? पुरुष गायकाचा स्वर पेटीच्या पट्ट्यांत सांगायचा तर काळी एक किंवा पांढरी दोन, त्याला सव्वापाच इंची तोंड बरं. गायिका काळी चार, काळी पाचला गाणार असतील तर सहा इंचाच्या आसपासचा लागतो. निघण्याआधी स्वर विचारून घ्या आणि त्याच स्वराचा जादा तबला जवळ ठेवा. ऐन विलंबितात, म्हणजे संथ लयीत, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) फाटली तर श्रोते क्षमा करतात, पण गाण्याची लय गेलेली असते.

थंडीत खरी परीक्षा स्वराची. दमट थंडीत पुडीचं चामडं ओल धरतं, सैल होतं आणि तबला उतरतो. तानपुऱ्याच्या तारा मात्र गारठ्याने आखडून चढतात. मंचावर दिवे लागले की सगळं उलटं, तबला चढायला लागतो आणि तानपुरा उतरतो. म्हणजे ग्रीनरूममध्ये अगदी छान जुळलेली जोडी दहा मिनिटांत एकमेकांपासून लांब गेलेली असते. हरिवल्लभ १८७५ पासून चालू आहे, देवी तलाव मंदिराच्या आवारात भरतो, आणि पंजाबातली ती डिसेंबरची रात्र पुण्याच्या थंडीवर वाढलेल्या माणसाला झेपत नाही. अशा ठिकाणी ग्रीनरूममधल्या हीटरपाशी तबला शेकत ठेवणारे खूप दिसतात. मी ते करू देत नाही. कोरड्या आचेने पुडी भराभर चढते, मंचावर नेली की तितक्याच वेगाने खाली येते, आणि जुनी असेल तर चाटेपाशी, म्हणजे काठाला, तडकते. त्यापेक्षा वीस मिनिटं आधी तबला मंचामागच्या हवेत नेऊन ठेवा, शालीत गुंडाळून. गट्ट्यांनी (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांनी) ढोबळ स्वर ग्रीनरूममध्ये लावा, गजऱ्यावरची, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवरची, बारीक ठोकाठोक मंचावरच. आणि गाणं सुरू असताना हातोडी उचलायची वेळ आली तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, झाल्यावर लगेच, दोन हलक्या ठोक्यांत. गायक समेकडे यायला निघाला की हातोडी मांडीखाली.

हात फुटतात. रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा तूप चोळा, पण वाजवायच्या दिवशी सकाळनंतर तेलाचं बोटही नको. शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाला, तेल लागलं की तबला बोलायचा थांबतो. कोमट पाण्यात हात बुडवून नीट कोरडे करायचे, पावडर, मग रियाज. जेवणाचं एवढंच: आयोजकांच्या घरी मक्याची रोटी आणि सरसोंचा साग आग्रहाने वाढतील, कार्यक्रमानंतरसाठी राखून ठेवायला सांगा, त्यांना राग येत नाही.

मंचावर काय वाजवायचं हे गुरूंनी शिकवलेलं असतंच. तरी सीझनमध्ये गाणारे बदलत राहतात, आणि घराणं ओळखून ठेका धरणं हे क्लासमध्ये पूर्ण होत नाही. किराणा घराण्याचं गाणं असेल तर अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. त्यात मात्रांमधली जागा भरायची हुक्की आवरायची, कारण ती जागा गायकाची आहे. ग्वाल्हेरवाले तिलवाडा, झुमरा हे ताल मागतील, लयही थोडी चालती असेल. जयपूरकडे मध्यलयीच्या जवळ जाणारा तीनताल किंवा रूपक, तिथे ठेका घट्ट लागतो. आदल्या दिवशी त्या गायकाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. तोच माणूस कदाचित तुमच्यासमोर वेगळं गाईल, ते चालतं, निदान तुम्ही कान घेऊन गेलेले असता.

वेळेचं गणित मात्र बदललंय. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, राज्य सरकार वर्षातून काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई एकेकाळी रात्रभर चालायचा. आता मंडपातली मैफल दहाच्या आत आटपायची असते, आणि दरबारी, मालकंस हे रात्री उशिराचे राग त्यांच्या वेळेला क्वचितच ऐकू येतात. कलाकाराला पन्नास मिनिटं मिळाली की सगळ्यात आधी कापला जातो तो तबल्याचा एकल तुकडा. वाईट वाटून घेऊ नका. पाठ केलेला कायदा (तबल्याच्या बोलांची बांधीव रचना) कुठेतरी बसवायच्या नादात द्रुतात, म्हणजे जलद लयीत, घुसवणारी मुलं मी पाहतो, आणि गायकाची मान किंचित वळते तेही पाहतो. डोव्हर लेन १९५२ पासूनची, बंदिस्त सभागृहातली आणि रात्रभर जागण्यासाठीच ओळखली जाणारी. तिथे शाली आणि माकडटोप्या घालून बसलेले रसिक पहाटेच्या रागाची वाट पाहतात. शेवटचं सत्र तुमचं असेल तर संध्याकाळी सातला झोपा आणि दोनला उठा. रात्रभर इतरांना ऐकत बसण्याचा मोह होतो, पण पहाटे चारला बोटं उचलत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. साथीचं मानधन गायकाकडून येणार की आयोजकांकडून, प्रवास आणि राहणं कुणाचं, हे तारीख देतानाच विचारायचं. विचारायला लाज वाटते, पण नंतर मागायला त्याहून जास्त वाटते. एका आयोजकांकडचं माझं पाकीट पुढच्या सीझनला आलं, तेही मी दुसऱ्या कार्यक्रमाला तिथे गेलो म्हणून. संस्था बहुधा दहा टक्के टीडीएस कापतात. तो आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो का ते पाहा आणि विवरणपत्र भरा, लहान उत्पन्नवाल्यांना तो परत मिळू शकतो. बरेच जण आळसाने सोडून देतात. आकाशवाणीची श्रवणचाचणी देऊन टाका. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात, आणि लहान गावातले आयोजक अजूनही त्या विचारतात.

जाता जाता, फेब्रुवारी संपला की आधी पुड्या बदलायला द्या. मार्चमध्ये कारागिराकडे वेळ असतो, तो शाई बसवताना तुम्हाला शेजारी बसू देतो, स्वर सांगितला तर ऐकून घेतो. ऑक्टोबरात गेलात तर दारात रांग असते आणि मिळेल ती पुडी घेऊन यावं लागतं. नवी पुडी रुळायला काही आठवडे रोजचा हात लागतो. एप्रिल-मेमध्ये दुसरं कामही फारसं नसतं, तेव्हा सकाळी तोच तबला घेऊन बसायचं.